तीन मिलिमीटर कमी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे एक्क्याऐंशी, सैन्यभरती कार्यालयातला निवृत्त मोजणी कारकून, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरीणबाईंनी काल मला वार विचारला आणि दोन वजाबाक्या घातल्या. वजाबाक्या बरोबर आल्या. वारावरून आमचा वाद झाला, तेव्हा बाईंचीच दिनदर्शिका उलटायची राहिली होती असे निघाले. तसा दाखला त्यांनी दिला आहे.

कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा गोड बोलण्याला भुलून मी हे लिहीत नाही. माझ्याशी गोड बोलणारे आता फारसे कोणी उरलेही नाही. यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे लिहिली होती, ती रद्द समजावीत. दोन्हींत सगळे होते, फक्त खरी गोष्ट तेवढी गाळली होती.

१. माझे राहते घर, म्हणजे खालच्या तीन खोल्या, जिना आणि जिन्याखालची अडगळ, माझ्या मुलास मिळावे. वरची खोली आणि मागची शेड यातून वगळल्या आहेत, त्या का ते पुढे येईल. मुलाने पुढच्या दाराची कडी आधी दुरुस्त करावी. ती वर उचलून मग ओढावी लागते. मी चाळीस वर्षे ‘या रविवारी करतो’ म्हणत आलो. त्याची आई म्हणायची, चोर आला तरी याच कडीशी झटून दमून परत जाईल. मुला, तू माझ्यावर दोन वर्षे रुसला होतास, कारण मी तुला भरतीच्या रांगेत उभे राहू दिले नाही. त्याचेही उत्तर खाली आहे. आरडाओरडा न करता शेवटपर्यंत वाच.

२. वरची खोली, तिच्या दोन्ही खिडक्यांसह, माझ्या नातीस मिळावी. ती सैन्यात आहे. तिची छाती कोणी मोजली नाही, तिला कोणी खंदकातही पाठवले नाही. ती एका बिनखिडकीच्या खोलीत आठ आठ तास पडद्यासमोर बसते आणि हजार कोसांवरचे, माणूस नसलेले विमान चालवते. आमच्या वेळी लढाईला जाणारा आगगाडीत बसून जायचा आणि महिनोन्महिने दिसायचा नाही. ही रोज लढाईवर जाते आणि संध्याकाळी भाजी घेऊन घरी येते. मागच्या सुट्टीत ती माझ्यासमोर जेवायला बसली आणि ताटाकडे नुसती बघत राहिली. मी म्हणालो, “मीठ कमी आहे का?” ती म्हणाली, “नाही आजोबा. आज सकाळी तिथंही कुणीतरी असंच जेवायला बसलं होतं.” तिला सकाळचे ऊन येणारी खोली असावी, एवढेच मला देता येते. ती खोली कोणी भाड्याने देऊ नये.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे कामही मी तिच्यावरच सोपवतो.

३. माझ्या दिवंगत पत्नीचे शिलाई यंत्र, कात्र्या, बटणांचे तीन डबे सुनेस मिळावेत. यंत्राचे पायडल कुरकुरते, त्याला तेल घालू नये, ती कुरकुर ऐकूनच मला झोप लागत असे. माझी पत्नी गणवेश बेतून द्यायची. लढाईआधी पोरे गणवेश सैल करून घ्यायला यायची, अंग भरेल या आशेने. लढाईनंतर तेच गणवेश आत घ्यायला आले. एकाची विजार तिने एका पायाची करून दिली आणि उरलेले कापड घडी घालून परत दिले. “टाकायचं कसं हो ते,” ती म्हणाली. त्या वर्षी गल्लीत पाच पोरी विशी-बाविशीत विधवा झाल्या. तीन जणी तिच्याकडे शिवण शिकल्या आणि तिघी पुढे तिच्याहून बरे शिवू लागल्या, हे तिनेच मला सांगितले होते. ती सहसा कोणाचे कौतुक करत नसे.

४. बँकेत जे निघेल ते मुलाने व नातीने निम्मे निम्मे घ्यावे. त्यावरून भांडण झाल्यास सगळे सरकारजमा करावे, म्हणजे भांडण होणार नाही.

५. शेजारी राहणारे आमच्या कार्यालयाचे निवृत्त हेडक्लार्क यांस काहीही देऊ नये. यात राग नाही. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही आणि मला साक्षीदार हवा आहे. शिवाय माझ्या बुद्धिबळातला काळा उंट चौदा वर्षांपूर्वी त्यांनी खिशात टाकून नेला, तोच त्यांचा वाटा समजावा. ‘सही आधी, तपासणी सवडीने’ हा धडा मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. दोष मात्र त्यांचा नाही. शिकवणारे पुष्कळ असतात, शिकायचे की नाही ते आपल्या हातात असते.

६. माझ्या अंत्यविधीला बिगूल, सलामी, भाषण यांतले काही नको. सैन्याच्या कार्यालयात चौतीस वर्षे काढली म्हणून मी सैनिक होत नाही. मी उभ्या जन्मात शंभर मीटर पळालेलो नाही. ज्यांना पळवले ते वेगळे होते.

७. घरामागची पत्र्याची शेड, तिच्यातल्या वजनांसह, दोरांसह, टायरांसह, माझ्या घरापासून चौथ्या घरात राहणाऱ्या व्यायामशिक्षकास कायमची मिळावी. सारी गल्ली त्याला ‘अपुरा’ म्हणते. त्याच्याकडे शिकणारी पोरे ते आडनावच समजतात आणि त्याला ‘अपुरे सर’ अशी हाक मारतात. तो ओ देतो. तो माझा नातलग नाही.

शेडचे भाडे मी त्याच्याकडून कधी घेतले नाही. लोक म्हणाले, मोजणी कारकुनाचे मन मोठे. ते ऐकून मला घाम फुटायचा. चोराच्या मनात चांदणे.

त्या शेडमध्ये काय चालते ते मुलाला ठाऊक नसेल, कारण तो तिकडे फिरकत नाही. पहाटे पोलिसात जाऊ पाहणारी पोरेपोरी येतात. दहाच्या सुमारास लढाईतून परतलेले येतात. कोणाला कृत्रिम पाय, कोणाचा खांदा वर जात नाही, कोणाला काही झालेले दिसत नाही पण दार आपटले की तो जमिनीवर आडवा होतो. अपुरा त्यांना पट्टीने मोजत नाही. तो म्हणतो, “काल किती? आज एक जास्त. बास.” माझी नात सुट्टीवर आली की तिलाही तो वजने उचलायला लावतो. “श्वास धरून ठेवू नकोस गं,” तो तिला सांगतो, “सोड. सोडला की पुढचा येतो.” त्यानंतर ती घरी येऊन जेवते.

आणि रोज सकाळी सव्वासहाला तो माझ्याकडे येतो. मला खुर्चीतून उठायला आणि बसायला लावतो. हात न टेकता. सुरुवातीला एकदाही जमत नव्हते. मुला, तू मला चाकाची खुर्ची आणून दिलीस ती अजून खोक्यातच आहे, ती यामुळे.

आता कारण लिहितो.

एकेचाळीस वर्षांपूर्वी, लढाई सुरू होण्याच्या थोडे आधी, आमच्या कार्यालयात मोठी भरती लागली होती. पोरे उघड्या अंगाने माझ्यासमोर येत. मी त्यांच्या छातीभोवती कापडी फीत लावत असे. साधी छाती सत्त्याहत्तर सेंटिमीटर हवी, फुगवून ब्याऐंशी. एक मिलिमीटर कमी भरली तरी परत. कापडी फीत रोज शेकडो छात्यांभोवती ताणली जाते, घामाने भिजते, वाळते आणि हळूहळू लांबते. लांबलेली फीत आकडा कमी दाखवते. म्हणून नियम होता की दर महिन्याच्या एक तारखेला फीत पोलादी पट्टीवर ठेवून तपासायची आणि वहीत सही करायची. मी सात महिने पट्टी कपाटातून काढली नव्हती. सह्या मात्र सातही महिन्यांच्या आहेत.

त्या भरतीला चौथ्या घरातले दोघे भाऊ आले. थोरला वीस वर्षांचा, धाकटा एकोणीसचा. दोघेही पळण्यात पहिल्या दहांत. थोरल्याची फुगवलेली छाती ब्याऐंशी पूर्णांक एक भरली. पास. धाकट्याची एक्क्याऐंशी पूर्णांक सात. तीन मिलिमीटर कमी.

“काका, परत मोजा ना,” तो म्हणाला.

मी परत मोजले. फीत तीच, आकडा तोच. त्याने तिसऱ्यांदा विनवले तेव्हा मी म्हणालो, “बाळा, फीत खोटं बोलत नाही.” रांगेतली पोरे हसली. थोरल्याने शर्ट चढवता चढवता त्याच्या टाळक्यात टपली मारली आणि म्हणाला, “जेव जरा, आणि पुढच्या खेपेला ये.”

दहाव्या दिवशी मी फीत चुकून घरी आणली. पत्नीला तिची सापडत नव्हती म्हणून तिने माझी घेतली. मग तिची सापडली. तिने दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि हसायला लागली.

“अहो, ही तुमची फीत लांबलीय की. ऐंशीला अर्धं बोट फरक आहे. हिच्यावर मी कापड बेतलं असतं तर गिऱ्हाईक भांडायलाच आलं असतं.”

माझ्या हातातला पेला टेबलावर कलंडला. तिने माझ्याकडे पाहिले आणि तिचे हसू गेले.

“उद्या जाऊन सांगा,” ती म्हणाली.

“सांगतो,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लढाई सुरू झाल्याची बातमी आली. कार्यालयाच्या आवारात गाड्या लागल्या, पास झालेली पोरे त्यांत चढली. आयांनी डबे दिले. त्या गोंधळात ‘साहेब, माझी फीत खोटी होती’ असे म्हणायला मी तोंड उघडले नाही. नोकरी गेली असती हे एक. आणि मी मनाशी म्हणालो, एक पोरगा घरी राहिला तर बिघडले काय? संध्याकाळी फीत चुलीत घातली. पत्नीने पुन्हा कधीही विचारले नाही. मी तिच्या त्या न विचारण्याला तीस वर्षे घाबरून राहिलो.

थोरला सातव्या महिन्यात एका पुलापाशी गेला. पेटी बंद आली, उघडू नये असा कागद तिच्यावर चिकटवला होता. मुला, तुला मी रांगेत उभे राहू दिले नाही, ते ती पेटी पाहिली होती म्हणून. त्यानंतर महिनाभरात पुन्हा भरती लागली. धाकटा निघाला होता. तेव्हा त्याच्या आईने दारात उभी राहून, सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात म्हटले, “धड होता तो गेला! हा अपुरा, याला कोण घेतंय?” मी समोरच्या ओट्यावर होतो. तो पोरगा पायरीवर थांबला, परत आत गेला, आणि त्या दिवसापासून त्याचे नाव ते पडले. त्याची दोन लग्ने ठरता ठरता मोडली. ज्याला सैन्याने नाकारले त्याच्यात काहीतरी खोट असणार, असे लोक म्हणत. पुढे तो रोज पहाटे उठून पळायला लागला. इतकी वर्षे तो पळतो आहे. लोकांना वाटते शिस्त. मला ठाऊक आहे, तो अजून माझ्या रांगेत उभा आहे.

मी आधी नोकरीच्या भीतीने बोललो नाही, मग लाजेने. आताची भीती वेगळी आहे. हे कळल्यावर तो सकाळचा यायचा बंद होईल. आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला कळेल की त्या पुलापाशी तो भावाच्या शेजारी असू शकला असता. हे ओझे मी त्याच्या डोक्यावर कोणत्या तोंडाने ठेवू?

म्हणून ते माझ्यामागे त्याला वाचून दाखवावे. सदर उमेदवाराची फुगवलेली छाती ब्याऐंशी पूर्णांक पाच सेंटिमीटर होती. उमेदवार योग्य होता. मोजणारा अयोग्य होता.

त्या सात महिन्यांत निव्वळ छातीवर अडलेले आणखी सोळा जण होते. त्यांची यादी सोबत जोडली आहे. ज्यांचा पत्ता सापडला त्यांना नातीने तसे पत्र पाठवावे.

८. येथवर लिहून झाले तेव्हा सह्या शनिवारी व्हायच्या होत्या. डॉक्टरीणबाईंना बाहेरगावी जावे लागले म्हणून आठवडा पुढे गेला. मधल्या काळात नात सुट्टीवर आली. काम तिच्यावर सोपवले आहे म्हणून मी तिला हा कागद वाचायला दिला. ती वरच्या खोलीत खिडकीत बसून दोनदा वाचून खाली आली.

“आजोबा, हे चालणार नाही,” ती म्हणाली.

“कुठलं कलम?”

“सातवं. हे तर माझ्या कामासारखं झालं. लांबून सोडायचं, आणि ते पडतं तिथं आपण नसायचं. मी निदान पडद्यावर बघते तरी. तुम्ही तर तेही बघणार नाही.”

मी म्हणालो, “तो यायचा बंद होईल गं.”

“होईल कदाचित. पण समोर बसून सांगा. मला कुणाच्या समोर बसता येत नाही, आजोबा. तुम्हाला येतं.”

एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाची पोरीपुढे पाचावर धारण बसली, ही नोंद राहू द्यावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अपुरा आला. मी खुर्चीतून उठायच्या आधीच सगळे सांगितले. पट्टी, वही, सह्या, चूल, सगळे. तो माझ्यासमोर उकिडवा बसून ऐकत होता. मग त्याने एकच विचारले.

“दादाला त्याच फितीनं मोजलंत ना?”

“हो.”

“मग दादा खरा किती होता?”

मी मनात हिशेब केला. “ब्याऐंशी पूर्णांक नऊ.”

“ब्याऐंशी पूर्णांक नऊ,” तो म्हणाला. “बरं.” आणि उठून गेला. दार त्याने ओढून घेतले नाही.

तो तीन दिवस आला नाही. शेडला कुलूप होते. कृत्रिम पायवाला एक जण दहा वाजता येऊन कुलपाकडे बघून गेला. मी सकाळी सव्वासहाला खुर्चीत बसून राहायचो आणि नंतर हात टेकून उठायचो. मला फार वाईट वाटले. ते लिहायला मी लाजत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी तो दारात उभा राहिला.

“चला.”

“कुठं?”

“आईकडं. मला सांगितलंत तसं तिला सांगा. मला नाही जमणार.”

चार घरे म्हणजे माझी एकशेदहा पावले. त्याने माझा हात धरला नाही, पण तो माझ्या अर्धे पाऊल मागे चालत होता. पडलो असतो तर धरले असते.

त्याची आई खाटेवर बसून जुन्या स्वेटरची लोकर उसवत होती. तिचे वय माझ्याइतकेच आहे. कान मंद झाले आहेत, डोळे नाहीत. मी समोरच्या स्टुलावर बसलो. मी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, “आलात का भाऊजी? मी म्हटलं, न विचारताच मरायची पाळी येते की काय.”

“काय विचारायचं होतं, वहिनी?”

तिने लोकर खाली ठेवली. “दोघांतून हाच का ठेवलात?”

मला काही उमजले नाही. तिने मुलाकडे पाहिले. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. मग तिने सांगितले. भरतीच्या आदल्या दिवशी ती माझ्या पत्नीकडे गेली होती. तिचा हात धरून म्हणाली होती, तुमच्या ह्यांना सांगा, दोघांतला एक तरी मागे ठेवा. कुठलाही. पत्नी म्हणाली होती, “बघते.”

“मी कुठला ते नव्हतं सांगितलं,” म्हातारी म्हणाली. “सांगता येतं का आईला? तुम्ही ठरवलंत. थोरला पेटीतून आला तेव्हा वाटलं, मी तोंड उघडलं नसतं तर दोघं गेले असते, आणि दोघांनी एकमेकांना सांभाळलं असतं. मग परत भरती लागली. हा निघाला. तुम्ही काही दरवेळी नापास करणार नव्हता. याला अडवायला माझ्याकडं दुसरं काय होतं? तोंड होतं. तेच वापरलं.”

“वहिनी,” मी म्हणालो, “ती मला एक अक्षर बोलली नाही.”

आणि मी तिला फितीचे सांगितले. मोठ्याने सांगावे लागले, दोनदा. दुसऱ्यांदा सांगताना शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. गल्लीला ऐकू गेले असेल तर गेले.

तिने सगळे ऐकले. मग म्हणाली, “म्हणजे तुम्ही निवडलं नाहीत.”

“नाही.”

“आणि माझ्यामुळंही झालं नाही.”

“नाही, वहिनी. आळस केला मी. एवढंच आहे ते.”

ती रडली. आवाज न करता, हात मांडीवर ठेवून. एकेचाळीस वर्षे तिला वाटत होते की तिने एक मुलगा देऊन दुसरा ठेवून घेतला. मला माझी पत्नी आठवली. फीत लांबली हे तिने हसत सांगितले, आणि क्षणात तिला ती फीत आणि वहिनींची विनवणी, दोन्ही एकत्र दिसल्या असणार. ती गोष्ट तशीच पोटात ठेवून गेली. मला सांगितली असती तर मी ‘बघा, बरेच झाले’ म्हणत सुटलो असतो, हे तिला पक्के माहीत होते. तिने मला सोडवले नाही आणि दोषही दिला नाही. तिची मला आज फार आठवण येते आहे.

तेव्हा दारातून आवाज आला.

“मला काय वाटतं ते कुणी विचारणार आहे का?”

आम्ही दोघांनी वळून पाहिले. तो साठीला आलेला माणूस चौकट सोडून ताठ उभा होता.

“एकानं आळस केला, एकीनं नवस केल्यासारखं मागून घेतलं. मधे मी. जन्मभर पळालो मी, आई. कुणाला दाखवायला?”

म्हातारीने हात पुढे केला. तो आला नाही. ती हात तसाच धरून बसली. माझ्या मोजणीने तीन-चार मिनिटे तरी. शेवटी तो खाटेशी जमिनीवर बसला, तिच्याकडे पाठ करून, आणि तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी एकटाच घरी आलो. एकशेदहा पावले, कोणी मागे नसताना.

९. ही गोष्ट कालची. आज सकाळी मी त्याची वाट पाहिली नाही, तरी खुर्चीत बसलो होतो. सव्वासहाला दार वाजले. तो आत आला, खिडकी उघडली आणि माझ्यासमोर उभा राहिला. डोळे सुजलेले होते.

“मला तुमचा राग आलाय,” तो म्हणाला. “आईचाही आलाय. खूप आहे तो. एवढ्यात जायचा नाही.”

“बरोबर आहे तुझं,” मी म्हणालो.

“तर तो जाईपर्यंत तुम्ही मरायचं नाही. तुम्ही गेलात तर मी कुणावर काढू? उठा.”

मी उठलो.

सबब, वरील सर्व कलमे कायम असून ती अमलात आणण्याची कोणीही घाई करू नये.

हा मजकूर मी लिहिला, मीच वाचला, आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत त्यावर सही केली. त्या दोघांनी माझ्या व एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या.

स्थळ: माझ्या घराची पुढची खोली
दिनांक: फेब्रुवारीची नऊ तारीख, सकाळी साडेअकरा

लिहून ठेवणार:
(सही) निवृत्त मोजणी कारकून

साक्षीदार:
१. (सही) निवृत्त हेडक्लार्क, शेजारचे घर
२. (सही) डॉक्टरीणबाई, गल्लीच्या टोकाचा दवाखाना